दीपाबाईंच्या चोळीबांगडीचा मुलूख : होसकोट्याच्या पायवाटा

शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाचा पाठ आपण वर्गात शिकवतो, तेव्हा जिंजी आणि वेल्लोर ही दोन नावे मुलांच्या लक्षात राहतात. त्या मोहिमेच्या अखेरीस, १६७७-७८ च्या सुमारास, महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यात समेट झाला. रघुनाथपंत हणमंते यांची मध्यस्थी आणि व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचे शहाणपण यांमुळे भावाभावांतले वैर आटोक्यात आले. या समेटाची कलमे बखरींतून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. त्यांतल्या एका कलमापाशी मी प्रत्येक वेळी थांबते. बंगरूळ, बसकोट आणि शिलेकोट हे महाल महाराजांनी आपल्या भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी दिले. त्यांचे उत्पन्न त्या वेळी दोन लाखांचे होते, वहिवाट नीट केल्यास ते पाच लाखांवर जाईल, असा अंदाजही तेथेच नोंदलेला आहे. आणि हे महाल पुढे लेकीकडे, स्त्रीवारसाने चालावेत, असा त्या कलमाचा आशय आहे.

बंगरूळ म्हणजे बेंगळुरू हे सांगायला नको. बसकोट म्हणजे होसकोटे, असे अभ्यासक मानतात. बेंगळुरूच्या पूर्वेस पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले हे तालुक्याचे आणि बाजाराचे गाव. लेकीसुनांच्या नावाने सातबारा करायला आजही जिथे मनाई नसली तरी मन होत नाही, त्या आपल्या समाजात सतराव्या शतकातले हे कलम मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठे वाटते. म्हणून मुलाच्या नोकरीनिमित्त बेंगळुरूला जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा मी पहिल्याच सुट्टीत होसकोट्याची वाट विचारली. त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीत त्या परिसरातून पायी हिंडले. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतींत काम करतात. होसकोटे त्यांच्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

‘होस कोटे’ म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तिम्मे गौडांनी तो १५९५ च्या सुमारास बांधला. विजयनगरचे साम्राज्य तोवर खिळखिळे झाले होते आणि ठिकठिकाणचे नाडप्रभू, पाळेगार आपापल्या मुलखात मातीचे कोट उभारत होते, तळी बांधत होते, पेठा वसवत होते. कन्नडमधील ‘पेटे’ आणि आपली ‘पेठ’ हा एकच शब्द आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतले, पाठोपाठ सुगटूरकरांचे होसकोटे आणि कोलारही गेले. बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबल्लापूर, सिरा हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्यांच्या बेंगळुरूच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त केले आहे. तो ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून आपल्याला त्या दरबाराची श्रीमंती ठाऊक झाली. होसकोट्याला मात्र असा कोणी जयराम लाभला नाही.

तिम्मे गौडांचा कोट आज शोधावा लागतो. मातीचा कोट पाडायला तोफच लागते असे नाही. चार पिढ्या घरे बांधत राहिल्या तरी पुरते. अविमुक्तेश्वराचे मोठे देऊळ उभे आहे. शिवाय वरदराजाचे आणि विठोबाचे देऊळ आहे. विठोबा पाहून आपल्या माणसाची छाती फुगते आणि ‘ही मराठ्यांची खूण’ असे तो लगेच म्हणून टाकतो. तसे घाईने म्हणू नये. हंपीला विठ्ठलाचे केवढे भव्य देऊळ आहे, आणि पुरंदरदासांची पदे ज्या भूमीत घरोघरी गायली जातात, तिथे विठोबाला यायला मराठी फौजेची गरज नव्हती. आपल्या संतांनीसुद्धा तो मूळचा कर्नाटकाचाच असल्याचे प्रेमाने कबूल केले आहे.

होसकोट्यात पहिली वाट चालायची ती तळ्याच्या बांधावरची. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात, आणि हे ‘दोड्ड केरे’, म्हणजे थोरले तळे. बांधाची लांबी सुमारे दोन मैल आहे. तळे तुडुंब भरले की त्याचा घेर दहा मैलांहून कमी नसतो, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. नंदीच्या डोंगराजवळ उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी नदी या तळ्याला पाणी देते, पुढे कडुगोडी, सर्जापूरच्या बाजूने तमिळनाडूत शिरते, तिथे तिला तेन्पेण्णै म्हणतात, आणि कडलूरजवळ ती समुद्राला मिळते. ज्यांना नदी म्हणजे कृष्णा-गोदेसारखी बारमाही धार असे वाटते, त्यांना ही नदी दिसणारच नाही. ती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उतरत जाते. वरच्या तळ्याच्या सांडव्यावरून पडलेले पाणी खालच्या तळ्याचे भांडवल होते. त्या सांडव्याला तिकडे ‘कोडी’ म्हणतात. तळ्यातले पाणी कोणाच्या शेताला किती वेळ सोडायचे हे ठरवणारा गावाचा माणूस असे, त्याचे नाव ‘नीरगंटी’. आपल्याकडचा पाटकरी तोच. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढून शेतांत पसरायचा, त्यामुळे तळेही खोल होई आणि रानही सुपीक होई. विंधनविहिरी आल्या आणि ही घडी विस्कटली. तळे कोणाचेच राहिले नाही.

बांधावरून चालताना पाण्याच्या वर्षी चित्रबलाक, झोळीवाले, पाणकावळे दिसतात. बेंगळुरूचे पक्षिनिरीक्षक रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन येतात. काही मंडळी त्याहूनही लवकर येतात, ती होसकोट्याच्या प्रसिद्ध बिर्याणीसाठी. पहाटे चार-पाच वाजता बिर्याणीसाठी रांग लागते हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी त्याला अतिशयोक्ती अलंकाराचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिले असते. पण बाजारपेठेच्या गावात पहाटेचे अन्न ही जुनीच गरज आहे. रात्रभर चालून आलेला गाडीवान तेव्हाच भुकेलेला असतो.

या बांधावर उभे राहिले की होसकोट्याचा इतिहास उलगडतो, तो कोटाच्या जागेवर उभे राहून उलगडत नाही. माझ्या मते इथे आलेला प्रत्येक सेनापती कोटासाठी आला नव्हता. तो पाण्यासाठी, पेठेतल्या धान्यासाठी आणि रस्त्यासाठी आला होता. नववीच्या मुलांना मी एक गणित घालते. एका घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी लागते असे धरा. तीन हजार घोड्यांच्या पथकाला रोज नव्वद हजार लिटर पाणी लागेल. हत्ती, बैल, उंट आणि माणसे वेगळीच. कोरड्या पठारावर एवढे पाणी कुठे मिळणार? नकाशात फौजांच्या मुक्कामांवर बोट ठेवा, बोटाखाली बहुधा तळेच सापडेल.

१७६१ मध्ये निजामाचा भाऊ बसालतजंग फौज घेऊन इथे आला. पानिपतानंतर मराठ्यांचे दक्षिणेकडे दुर्लक्ष होईल हा त्याचा हिशेब होता. होसकोट्याला वेढा पडला, पण काम लांबले. तेव्हा हैदरअलीने त्याच्याशी सौदा केला. तीन लाख रुपये घेऊन बसालतजंगाने हैदरला ‘सिऱ्याची नवाबी’ दिली. गंमत अशी की सिरा त्या वेळी बसालतजंगाच्या हातात नव्हताच. जे आपले नाही ते विकायचे आणि घेणाऱ्याने ते नंतर जिंकून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. हैदर ‘नवाब’ झाला तो असा, या तळ्याकाठच्या छावणीत. योगायोगाने त्याआधी बेंगळुरूचा व्यवहारही तीन लाखांतच झालेला होता. १६८७ मध्ये व्यंकोजीराजांनी ते विकायला काढले, तेवढ्यात मोगलांचा कासिमखान येऊन धडकला आणि अखेर ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. दीपाबाईंच्या चोळीबांगडीचा मुख्य महाल जेमतेम दहा वर्षे टिकला. लेकीकडे जाण्याची वेळच आली नाही.

होसकोट्याची सर्वांत गाजलेली रात्र मात्र २२ ऑगस्ट १७६८ ची. पहिले इंग्रज-म्हैसूर युद्ध चालू होते. कर्नल स्मिथची इंग्रज फौज बेंगळुरूवर जाण्याच्या तयारीने होसकोट्यास उतरली होती आणि तिच्या शेजारी, थोड्या अंतरावर, गुत्तीचे मुरारराव घोरपडे आपली पथके घेऊन छावणी करून होते. त्यांच्याजवळ सुमारे तीन हजार घोडेस्वार होते. हैदरने इंग्रजांना सोडून मुराररावांच्या छावणीवर रात्री छापा घालायचे ठरवले. मराठा छावणी एकदा उधळली की घोडी सैरावैरा पळतील आणि इंग्रजही गोंधळतील, असा त्याचा डाव होता.

मुरारराव मुरलेले सेनापती होते. त्यांनी लोकांना सक्त ताकीद दिली की कोणीही घोड्यावर बसायचे नाही, प्रत्येकाने आपापल्या घोड्यापाशी पायउतार उभे राहायचे. मग अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू, त्याला बेलाशक मारावा. इतकी साधी युक्ती, पण तिने आपपरभावाचा प्रश्न सोडवला. हैदरचे स्वार तंबूंच्या दाटीत शिरले आणि अडकले. त्यात मुराररावांचा हत्ती जखमी होऊन सुटला. त्याने आपलीच साखळी सोंडेत धरली आणि ती गरगर फिरवीत तो हैदरच्या घोडदळात घुसला. ते घोडदळ मागे हटले ते आपल्याच पायदळावर. सुमारे तीनशे माणसे गमावून हैदर परतला.

ही हकीकत मी वर्गात सांगितली की मुले टाळ्या वाजवतात. मी टाळ्या वाजवू देते, मग विचारते : मुरारराव कोणाच्या बाजूने लढत होते? वर्ग गप्प होतो. ते इंग्रजांच्या बाजूने लढत होते. पुढच्याच वर्षी हैदरने मद्रासच्या वेशीपर्यंत धडक मारून इंग्रजांना तह करायला लावला. १७७६ मध्ये त्याने गुत्ती घेतली, आणि मुराररावांचा अंत कब्बाळदुर्गाच्या कैदेत झाला. शूर माणूस चुकीच्या छावणीत असू शकतो आणि चुकीची छावणी कोणती हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नसते, एवढे मुलांना कळले तरी इतिहासाचा तास वाया गेला नाही, असे मी समजते.

आणखी एक गोष्ट चालल्याशिवाय ध्यानात येत नाही. पुण्याच्या पुस्तकांत हैदर आणि टिपू हे ‘दक्षिणेकडून येणारे’ शत्रू आहेत. होसकोट्यात ते घरचे आहेत. हैदरचा जन्म कोलारच्या पलीकडे बुदिकोट्याला झाला, टिपूचा देवनहळ्ळीला. होसकोटे या दोन गावांच्या अधेमधे पडते. हैदरच्या वडिलांची, फत्ते महंमदाची, कबर कोलारमध्ये आहे. इथल्या माणसाच्या दृष्टीने बाहेरून येणारे आपण होतो. पेशव्यांच्या स्वाऱ्यांतल्या खंडणीचे आकडे आपण मोठेपणाने पाठ करतो. ती खंडणी नीरगंट्याने वाटून दिलेल्या पाण्यावर पिकलेल्या नाचणीतून निघत होती.

देवनहळ्ळीकडे जाणारी वाट बुदिगेरेवरून जाते. आता तिथे मोठी गृहसंकुले आहेत. चालायचे असेल तर मी सुलिबेलेची बाजू सुचवेन. होसकोट्याच्या उत्तरेस, डांबरी रस्ता सोडून तळ्यांच्या बांधांवरून आणि शेतांच्या कडेने जाता येते. गावाबाहेर ‘गुंडुतोपू’ लागते, म्हणजे गावकीची आमराई किंवा झाडी, वाटसरू आणि गुरे यांच्या विसाव्यासाठी राखलेली. गावात शिरताना पिंपळाचा पार, त्याला ‘अश्वत्थकट्टे’ म्हणतात, आणि पारावर एकमेकांना वेढलेल्या नागांच्या शिळा. अधूनमधून वीरगळ दिसतात. हा शब्दही दोन्ही भाषांचा. तुतीची शेते आहेत, कारण पुढे विजयपुरा आणि शिडलघट्टा ही रेशीमकोषांच्या बाजाराची गावे आहेत. द्राक्षांचे मांडव आहेत. आणि मैलोनमैल निलगिरीची झाडे आहेत. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात ती इतकी लावण्याचे शहाणपण कोणाचे होते ते सरकारी दप्तरात सापडेल. आता नवी लागवड बंद झाली आहे. स्वच्छ सकाळी सुलिबेलेच्या पुढे नंदीचा डोंगर दिसतो. १,४७८ मीटर उंचीचा तो गड इंग्रजांनी १९ ऑक्टोबर १७९१ ला घेतला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरीस कॉर्नवॉलिस घाट चढून आला, तेव्हा कोलार आणि होसकोटे जवळपास न लढताच त्याच्या हाती पडले, आणि ५ मार्चला तो बेंगळुरूसमोर उभा होता. पेठ खुली राहावी म्हणून दरवाजा उघडणे ही बाजारगावाची रीत असावी. तिला भित्रेपणा म्हणवत नाही.

दुसरी मोठी पायपीट कोलारची. होसकोट्याहून कोलार चाळीसेक किलोमीटर. महामार्गाने बसने जावे आणि कोलारला उतरून अंतरगंगेचा डोंगर चढावा. पायऱ्यांनी वर गेल्यावर काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. तिथे दगडी नंदीच्या मुखातून अखंड झरा वाहतो. यात्रेकरू इथूनच परततात, पण खरी वाट पुढे आहे. प्रचंड शिळांच्या फटींतून, गुहांमधून अंग चोरत वर जायचे, आणि एकदम सपाटी येते. शतशृंग पर्वताच्या या माथ्यावर गावे आहेत, नाचणीची शेते आहेत, तेरहळ्ळीसारख्या गावात शाळाही आहे. शहाजीराजांचे थोरले पुत्र, शिवाजी महाराजांचे सख्खे बंधू संभाजीराजे यांच्याकडे कोलारचा कारभार होता. कनकगिरीच्या वेढ्यात ते मारले गेले. ‘संभाजी’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर एकच संभाजी येतात, त्यात मुलांचा दोष नाही, पुस्तकांनी या काकांना एका ओळीत संपवले आहे. अंतरगंगेच्या माथ्यावरून खाली कोलार दिसते तेव्हा मी ती ओळ थोडी लांबवून सांगते.

ईशान्येकडे चिंतामणी गाव आहे. ते चिंतामणराव नावाच्या मराठा सरदाराने वसवले. आजही ती मोठी बाजारपेठ आहे, पण चालण्याजोगी वाट आता तिथवर उरलेली नाही. जवळच्या कैवारच्या टेकड्या मात्र चढाव्यात.

मराठी कानांसाठी या मुलखात एक अनपेक्षित भेट आहे. पेठेत एका वृद्ध शिंप्याच्या दुकानात मी पिशवीचा बंद शिवून घ्यायला थांबले होते. माझे मोडके कन्नड ऐकून त्यांनी विचारले, ‘‘अम्मा, तुमी मराठी काय?’’ पुढचे बोलणे अर्धे त्यांच्या मराठीत, अर्धे माझ्या. कन्नड हेल, काही शब्द आपल्या आजीच्या तोंडचे, काही मला न कळलेले. त्यांच्या घरात ही भाषा केव्हापासून आहे ते त्यांना सांगता येईना. ‘‘भाषा घरात, हिशेब कन्नडात,’’ ते म्हणाले. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. मराठी त्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी ती कधी लिहिलेली पाहिलीच नाही. कर्नाटकात शिंपी, भावसार, मराठा अशी कितीतरी घरे शाळेवाचून मराठी जपून आहेत. शाळेची साठ वर्षे साजरी करताना त्या शिंपीबाबांची मला वारंवार आठवण येते, आणि ती पूर्णपणे सुखाची नसते.

आता व्यवहाराचे. व्हाइटफील्डजवळ कडुगोडीपर्यंत २०२३ पासून मेट्रो आहे. तिथून होसकोट्याला बस मिळते. ऑक्टोबर ते जानेवारी हे चालण्याचे दिवस. पहाटे निघून दहापर्यंत सावली गाठावी. वाटांवर पाट्या नाहीत. ‘दारी’ म्हणजे वाट आणि ‘नीरू’ म्हणजे पाणी हे दोन शब्द आले तरी काम भागते. शेताच्या कडेने जाताना विचारून जावे, तुतीची पाने तोडू नयेत. आणि जायचे असेल तर लवकर जावे. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्ग होसकोट्यापासूनच सुरू होतो. दाबसपेट, दोड्डबल्लापूर, देवनहळ्ळीवरून येणारा उपनगरी वळणरस्ताही होसकोट्यालाच येऊन मिळतो. सुलिबेलेच्या वाटेवर मी तीन वर्षांपूर्वी ज्या गुंडुतोपूत डबा खाल्ला होता, तिथे मागच्या मे महिन्यात मालगोदामाचा पत्रा चढत होता. पार शिल्लक होता. नागांच्या शिळा कोणीतरी उचलून पिंपळाच्या बुंध्याशी नीट टेकवून ठेवल्या होत्या, आणि त्यांना हळदकुंकू ताजे होते.